गरीब कुटुंबाला थेट रोख मदत: रक्कम किती यापेक्षा ती कोणत्या तारखेला

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण तिघे भावंडे पुण्यात नोकरीला आहात, मूळ गाव आष्टी तालुक्यातले आहे, आणि गावातल्या १५ गरीब कुटुंबांना वर्षभर दरमहा २,००० रुपये थेट खात्यावर द्यावेत असे आपल्या मनात आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे मात्र असे पडले की रोख पैसा दारूत जाईल, माणसे कामावर जायची बंद होतील, त्यापेक्षा धान्य भरून द्यावे किंवा मुले शाळेत गेली तरच पैसे अशी अट घालावी. रोख पैशाने कुटुंबात नेमके काय होते, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मी गेली बावीस वर्षे बीड जिल्ह्यात बचत गटांचे आणि निराधार योजनेच्या (विधवा, वृद्ध अशा आधार नसलेल्यांना सरकारकडून मिळणाऱ्या दरमहा मदतीच्या) प्रकरणांचे काम करते, त्यामुळे पुढे जे लिहिते आहे ते मुख्यतः या भागात पाहिलेले आहे. जिथे बाहेरच्या अभ्यासाचा आधार घेतला आहे तिथे तसे सांगितले आहे.

आधी मूळ अडचण नीट समजून घेऊ. गरीब कुटुंबाचे उत्पन्न कमी असते हे सगळ्यांना दिसते, पण ते वेळेवर येत नाही हे फार थोड्यांच्या लक्षात येते. आपल्याच भागातले ऊसतोड करणारे जोडपे घ्या. पावसाळ्याच्या अखेरीस, दसऱ्याच्या आगेमागे, मुकादमाकडून, म्हणजे मजुरांची टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (मजुरीपोटी आगाऊ रक्कम) घेतली जाते. त्यातून जुने देणे फिटते, एखादे लग्न किंवा दवाखाना निघतो, आणि मग चार-पाच महिने कारखान्यावर राबून ती उचल फेडली जाते. मार्च-एप्रिलमध्ये माणसे गावी परततात तेव्हा हातात फार थोडे उरलेले असते. जून ते सप्टेंबर हे चार महिने सर्वांत ओढग्रस्तीचे असतात. त्याच काळात शाळा सुरू होते, पेरणी येते, साथीचे ताप येतात, आणि मजुरी मात्र पावसाच्या भरवशावर असते. म्हणजे वर्षाची बेरीज मांडली तर कुटुंब कसेबसे तरते, पण महिन्यांची मांडणी केली तर ते दर वर्षी ठरावीक महिन्यांत बुडते आणि बुडताना कर्ज काढते. आपले २,००० रुपये या कर्जाच्या आधी पोहोचतात की नंतर, यावर त्यांचा परिणाम बराचसा अवलंबून आहे.

हे जवळून कसे दिसते ते सांगते. शिरूर कासार तालुक्यातल्या एका गावात आमच्या गटातल्या एका विधवा बाईंची निराधारची रक्कम पूर्वी कधी तीन महिन्यांनी, कधी पाच महिन्यांनी एकदम यायची. किराणा दुकानदाराच्या उधारीच्या वहीत त्यांचे पान मी पाहिले होते. पाच रुपयांची चहापत्ती, दहा रुपयांचे तेल, पुन्हा दुसऱ्या दिवशी दहा रुपयांचे तेल, अर्धा किलो मीठ, एक काडेपेटी. असे सुटे सुटे घेतलेले तेल वर्षाकाठी एका पिशवीमागे किती महाग पडते याचा हिशेब त्यांनाही येत होता, पण उधारीवर एकदम मोठा माल कोण देणार? शिवाय उधारीवर घेणाऱ्याने डाळीचा भाव विचारायचा नसतो, दिली तशी घ्यायची असते. पुढे त्यांचे पैसे महिन्याच्या महिन्याला येऊ लागले, आणि रक्कम तीच असताना त्यांनी पहिल्यांदा दुकानात रोख पैसे ठेवून महिन्याचा माल एकदम उचलला. काही महिन्यांनी मी तीच वही पुन्हा पाहिली तेव्हा त्यांच्या पानावर फक्त दोन नोंदी होत्या. नियमित पैसा आला की सर्वप्रथम काय बदलते, असे मला कुणी विचारले तर मी त्या पानाचे उदाहरण देते.

त्यानंतरचा बदल कर्जात दिसतो. ज्या घरात जुलै-ऑगस्टमध्ये थोडा तरी पैसा येतो, त्या घराला मुकादमाकडून मोठी उचल घेण्याची निकड कमी वाटते. उचल कमी म्हणजे फेडायचे दिवस कमी, आणि मुकादमाशी बोलताना आवाजही थोडा मोकळा असतो. माझ्या पाहण्यातली काही जोडपी त्या आधारावर हंगामाला थोडी उशिरा गेली, काहींनी आजारी बाईला घरी ठेवले. दरमहा २,००० रुपयांनी ऊसतोड सुटत नाही, हेही तितकेच स्पष्टपणे सांगायला हवे. कोरडवाहू दीड-दोन एकर आणि दुसरा रोजगार नाही, अशा घराला कोयता घ्यावाच लागतो. आपल्या मदतीकडून ती अपेक्षा ठेवलीत तर वर्षअखेरीस आपण निराश व्हाल, आणि तो दोष त्या कुटुंबाचा नसेल.

आता दारूचा मुद्दा. हा प्रश्न मला प्रत्येक देणगीदाराने विचारला आहे आणि तो विचारण्यात काही गैर नाही, कारण आपल्या भागात दारूने घरे बसलेली आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. जागतिक बँकेतल्या दोन अभ्यासकांनी २०१४ मध्ये निरनिराळ्या देशांतले १९ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा रोख मदतीमुळे दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचे जवळपास कुठेच आढळले नाही, काही ठिकाणी तो उलट घटला होता. माझा अनुभव याच्याशी जुळतो, पण एक भर घालून. जो माणूस आधीपासून पितो तो पिण्यापुरते पैसे कुठून तरी मिळवतोच. मजुरीतून मिळवतो, बायकोच्या डब्यातून काढतो, भांडे गहाण टाकतो. नव्या पैशाने नवे पिणारे तयार झालेले मला आठवत नाहीत. मात्र पिणाऱ्याच्या हातात किंवा त्याच्या खात्यावर एकदम मोठी रक्कम पडली, तर ती जाते. अशी दोन-तीन घरे माझ्या माहितीत आहेत. म्हणून पैसे रोख द्यावेत की नाही, यापेक्षा ते कुणाच्या हाती आणि किती किती करून द्यावेत हे ठरवणे अधिक महत्त्वाचे आहे.

आळसाचा आक्षेप मला कमी पटतो. आमच्याकडे बाईची शेतमजुरीची हजेरी तीनशे रुपयांच्या आसपास आहे, म्हणजे २,००० रुपये ही सहा-सात दिवसांची मजुरी झाली. एवढ्यावर महिनाभर कुणी घरी बसू शकत नाही. सहा देशांतल्या सरकारी रोख योजनांची नियंत्रित पाहणी करून अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही हेच दाखवले की मदत मिळाल्यामुळे माणसे काम सोडतात असे पद्धतशीरपणे कुठे दिसत नाही. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात २०११-१२ मध्ये सेवा या कष्टकरी महिलांच्या संघटनेने युनिसेफच्या मदतीने काही गावांतल्या प्रत्येक माणसाला विनाअट रक्कम दिली होती. सुरुवातीला प्रौढाला महिना २०० आणि मुलाला १०० रुपये, पुढे ३०० आणि १५०. तिथे लोकांनी काम कमी केले नाही; दुसऱ्याच्या शेतावरची मजुरी थोडी कमी करून स्वतःच्या शेतात आणि जनावरांत जास्त लक्ष घातले. आपल्या गावातही बडे शेतकरी "हल्ली मजूर मिळत नाही" अशी तक्रार करतील आणि तिच्यात काही अंशी तथ्य असेल. बाळंतीण बाई पंधराव्या दिवशी खुरपायला गेली नाही, अंगात ताप असलेला माणूस दुपारच्या उन्हात फवारणीला गेला नाही, तर मजूर मिळाला नाही असे म्हटले जाते. मला स्वतःला हा या पैशाचा चांगला परिणाम वाटतो आणि तसे मी त्या शेतकऱ्यांनाही सांगते.

धान्य द्यावे का, हे मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे. ज्यांचे कार्ड अंत्योदय किंवा प्राधान्य कुटुंबाचे आहे त्यांना जानेवारी २०२३ पासून रेशनचे धान्य मोफत मिळते, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदयला कार्डामागे ३५ किलो. अशा घरात आपण गव्हाचे पोते नेऊन टाकले तर ते विकले जाण्याची शक्यताच जास्त, कारण त्यांना तुटवडा तेलाचा, डाळीचा, औषधाचा आणि तालुक्याला जाण्याच्या भाड्याचा असतो. याउलट जिथे धान्याचीच वानवा आहे तिथे रोख रक्कम धान्याची जागा घेऊ शकत नाही. मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा अशा १४ जिल्ह्यांतल्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना पूर्वी २ रुपये किलोने गहू आणि ३ रुपये किलोने तांदूळ मिळत असे. २०२३ पासून त्याऐवजी, सुरुवातीला माणशी महिना १५० रुपये, खात्यावर देण्याचे ठरले. पाच किलो धान्य बाजारात घ्यायला गेले तर १५० रुपयांत फार तर काठावर बसत होते, आणि पैसे लांबले तर तेवढेही नाही. झारखंडमध्ये रांचीजवळच्या नगडी भागात २०१७ मध्ये याहून कठीण प्रकार झाला. लोकांनी आधी खात्यावरचे पैसे काढून आणायचे आणि मग रेशन दुकानात ३२ रुपये किलोने तांदूळ घ्यायचा, अशी रीत लावली गेली; बँक, ग्राहक सेवा केंद्र आणि दुकान यांच्या चकरांत मजुरीचे दिवस बुडाले, लोकांनी मोर्चे काढले, आणि पुढच्या वर्षी सरकारला ती रीत मागे घ्यावी लागली. म्हणून माझे मत असे की चालू असलेल्या धान्याला हात न लावता वर रोख रक्कम दिली तर ती उपयोगी पडते. धान्य काढून घेऊन त्याच्या बदल्यात दिली तर पुष्कळदा नुकसान होते. आपण कुणाचे काही काढून घेत नाही आहात, त्यामुळे आपल्याला ही चिंता नाही. फक्त निवडलेल्या १५ घरांपैकी कुणाचे कार्ड बंद पडले आहे का किंवा सुनेचे आणि नातवंडांचे नाव चढायचे राहिले आहे का, हे पाहून घ्या. ते नाव चढवून देणे ही पुष्कळदा २,००० रुपयांहून मोठी मदत ठरते.

शाळेच्या अटीबद्दल मी साशंक आहे. मेक्सिकोत १९९७ पासून अशा अटीवर पैसे दिले गेले आणि मुलांची शाळेतली उपस्थिती वाढली, हे खरे आहे. पण तिथे तपासायला सरकारची यंत्रणा होती. आपल्याकडे ती अट कुणी तपासायची? आपण पुण्यातून शिक्षकाला फोन करणार, शिक्षक हजेरी सांगणार, आणि ज्या घरातले पोर आई-बापाबरोबर कारखान्यावर गेले त्याचे पैसे नेमके गरजेच्या महिन्यांत बंद होणार. पोराला शाळेत ठेवायचे असेल तर आमच्याकडे त्याची किल्ली आजीच्या हातात असते. हंगामात आई-बाप निघून गेल्यावर गावात मागे राहणाऱ्या आजीकडे दरमहा ठरलेले पैसे येत असतील तर ती नातवंडांना ठेवून घ्यायला तयार होते. नसतील तर तिचा नाइलाज असतो, कारण तिच्या स्वतःच्या पोटाचीच पंचाईत असते. काही घरांत आपण खाते आईचे न धरता आजीचे धरावे असे मी सुचवीन. हे प्रत्येक घराला विचारूनच ठरवायला हवे.

आता मुदतीचा भाग. यात मी एकदा चूक केली आहे आणि तिची आठवण अजून त्रास देते. २०१६ च्या उन्हाळ्यात, लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले त्या वर्षी, मी एका संस्थेच्या दुष्काळी मदतीच्या कामात होते. सहा महिने दरमहा पैसे येतील असे आम्ही घरोघर जाऊन सांगितले. दोन हप्ते वेळेवर आले आणि तिसरा देणगीदाराकडूनच तीन महिने रखडला. त्या भरवशावर लोकांनी दुकानातून माल उचलला होता, एकाने बियाणे उधारीवर आणले होते, एका बाईने गटाचे कर्ज घेतले होते. हप्ता आला नाही तेव्हा त्या बाईने गाभण शेळी विकून देणे भागवले. आम्ही काहीच कबूल केले नसते तर ती शेळी राहिली असती. तेव्हापासून वर्षाची सगळी रक्कम वेगळ्या खात्यात जमा असल्याशिवाय मी कुणालाही "पैसे येतील" असे सांगत नाही. आपले १५ कुटुंबांचे वर्षाचे ३,६०,००० रुपये होतात. तेवढे आज हाताशी नसतील तर कुटुंबे कमी करा, पण शब्द दिल्यावर हप्ता चुकू देऊ नका.

मुदत माहीत असण्याने माणसे पैसा वेगळ्या रीतीने वापरतात, याचा चांगला पुरावा केनियातून आला आहे. गिव्हडायरेक्टली या संस्थेने २०१८ पासून तिथल्या काही गावांना महिना सुमारे २२ डॉलर दोन वर्षांसाठी, काहींना तेवढेच १२ वर्षांसाठी, आणि काहींना सुमारे ५०० डॉलर एकदम दिले. दोन वर्षांपर्यंत सगळ्या महिनेवारी गावांना सारखेच पैसे मिळालेले होते, तरी धंदा-व्यवसाय उभे करण्यात १२ वर्षांची खात्री असलेले लोक दोन वर्षांवाल्यांच्या पुढे होते आणि एकरकमी मिळालेल्यांच्या जवळपास होते. याचे एक कारण असे निघाले की खात्री असलेल्या लोकांनी आपसात भिशी लावली आणि छोट्या हप्त्यांची मोठी रक्कम करून घेतली. आमच्या गटांतल्या बायकांना मी हे सांगितले तेव्हा त्यांना त्यात काहीच नवल वाटले नाही. लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये ऑगस्ट २०२४ मध्ये पहिल्यांदा आले, जुलै-ऑगस्टचे मिळून ३,०००, त्यानंतर दोन-तीन महिन्यांतच आमच्या भागात त्या पैशावर भिश्या सुरू झाल्या होत्या. कुणी त्यातून शिलाई मशीन घेतले, कुणी शेळी, कुणी मुलीच्या परीक्षेची फी भरली. मात्र हप्ता कधी पडेल याची तारीख नक्की नसली की भिशी मोडते, आणि त्याच बाईला मायक्रोफायनान्सचा आठवड्याचा हप्ता भागवायला दुसऱ्या कंपनीचे कर्ज घ्यावे लागते, हेही मी पाहिले आहे.

पैसे कुणाच्या हाती, याबाबत दोन व्यावहारिक गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली बँकेची. सरकारी योजनेचा पैसा आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातो, आणि बाईला पुष्कळदा ते खाते कोणते हेच माहीत नसते. आपण खाते क्रमांकावर पाठवणार असाल तर ही अडचण येणार नाही, पण ते खाते चालू आहे का, केवायसी झाली आहे का, हे आधी एक रुपया पाठवून तपासा. एका बाईचे पैसे बँकेने जुन्या थकीत कर्जापोटी होल्डवर टाकले होते आणि ते सोडवायला आम्हाला दोन महिने लागले, त्यामुळे कर्जाच्या खात्याशी जोडलेले खाते टाळा. वीटभट्टीवर किंवा उसात राबलेल्या हातांचे ठसे उमटत नाहीत, मशीनवर अंगठा लागत नाही, आणि म्हाताऱ्या माणसाला तालुक्याच्या शाखेत जावे लागते. एसटीत बायकांना अर्धे तिकीट झाल्यापासून खर्च कमी झाला, पण दिवस तर मोडतोच. दुसरी गोष्ट नाजूक आहे. बाईच्या खात्यावर पैसा दिला की घरात तिचे वजन वाढते, हे बहुतेक घरांत घडते. काही थोड्या घरांत मात्र त्याच पैशावरून तिला मार बसतो. म्हणून तिला नवऱ्यासमोर आणि सासूसमोर विचारू नका. पाण्याला जाताना, गटाच्या बैठकीनंतर, एकटी असताना विचारा की पैसे कुणाच्या नावावर आलेले बरे. आपल्याला गावात जाऊन हे करणे जमणार नसेल तर गावातली आशाताई किंवा गटाची सचिव ही माणसे योग्य. सरपंच किंवा एखादा पुढारी यांच्यामार्फत करू नका, कारण मग पैसा आपला राहत नाही, त्यांच्या उपकारात जमा होतो.

निवडीबद्दलही सांगायला हवे. निराधार योजनेसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये, आणि त्या मर्यादेमुळे खरोखर गरजू असलेली अनेक घरे बाहेर राहतात किंवा खोट्या दाखल्याच्या मागे लागतात. आपण कागद मागू नका. परित्यक्ता बाया, आजारी कर्ता माणूस असलेली घरे, आणि नातवंडे सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या, यांची नावे गावातल्या चार बायका एकत्र बसून अर्ध्या तासात अचूक सांगतात. पंधरा घरे निवडल्यावर सोळाव्या घराला वाईट वाटणारच, त्याला माझ्याकडे उपाय नाही. निवड कशी केली हे सर्वांना सारख्या शब्दांत सांगणे एवढेच आपल्या हातात आहे.

आपल्या जागी मी असते तर रक्कम बारा महिने सारखी ठेवली नसती. वर्षाचे २४,००० तेच, पण जून ते सप्टेंबर दरमहा ३,००० आणि उरलेले आठ महिने दरमहा १,५०० दिले असते. पहिला हप्ता शाळा उघडण्याच्या आधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात पडावा, आणि नंतरचा प्रत्येक हप्ता ठरलेल्या एकाच तारखेला. सुरुवातीलाच प्रत्येक घराला एका कागदावर बारा तारखा, बारा रकमा आणि "यानंतर मदत थांबेल" हे वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून द्या, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना दोनदा वाचून दाखवा. मोठा दवाखाना निघाला तर हा पैसा पुरणार नाही. त्या वेळी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कोणते रुग्णालय आहे आणि कागद काय लागतात हे सांगणारे एक माणूस फोनवर असावे.

सहा महिन्यांनी परिणाम पाहायचा असेल तर पावत्या मागू नका, फोटो काढू नका. पावती मागितली की लोक आपल्याला आवडेल असा खर्च दाखवतात. घरात जाऊन बसा आणि तीन गोष्टी विचारा: दुकानाची उधारी आता किती आहे, या वेळी उचल किती घेतली, आणि मागच्या आजारपणात दवाखान्यात कितव्या दिवशी गेलात. या तीन उत्तरांवरून पुढच्या वर्षी रक्कम वाढवायची, तीच ठेवायची, की त्या घराला पैशापेक्षा वेगळे काही लागते आहे, हे आपल्याला ठरवता येईल.